घरचा कॉम्प्युटर : सातवी डीव्हीडी



गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच दुखणे वेगवेगळ्या शब्दांत आले आहे. चिखलीचे एक भाऊ लिहितात, 'डीव्हीडी राइट होते, कॉम्प्युटरवर चालते, पण टीव्हीखालच्या प्लेअरवर चालत नाही.' मेहकरच्या एक भगिनी लिहितात, 'निम्म्याच्या पुढे गेले की एरर येते आणि डीव्हीडी फुकट जाते.' नांदुऱ्याचा एक विद्यार्थी विचारतो, 'वर ४.७ जीबी छापले आहे, मग माझी ४.५ जीबीची फाइल का मावत नाही?' प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा आमच्याच घरची हकीकत सांगतो. तिच्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत आणि आमच्या चुकाही आहेत. सहा डीव्हीडी आम्ही वाया घालवल्या. आपल्या त्या वाचाव्यात, एवढाच हेतू.

खालाच्या कपाटातली डीव्हीडी

मलकापूरला आमची मोठी खाला राहते. तिच्या मुलीचा, म्हणजे आमच्या आपाचा निकाह २००५ साली झाला. फोटोग्राफरने दोन डीव्हीडी दिल्या होत्या. एक आपाबरोबर सासरी गेली आणि मुलांच्या खेळण्यात ओरखडून गेली. दुसरी खालाने कपाटात, साड्यांच्या घडीत जपून ठेवली होती.

गेल्या वर्षी आमचे खालू अल्लाहला प्यारे झाले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. खालू फोटोसाठी उभे राहायलाही कंटाळायचे. त्यांचा आवाज ज्यात आहे अशी घरात एकच वस्तू होती, ती ही डीव्हीडी. इद्दतीचे दिवस संपल्यावर एका दुपारी खालाने ती लावायला सांगितली. निकाह दिसला, जेवणाच्या पंगती दिसल्या, खालू पाहुण्यांना आग्रह करताना दिसले. रुख्सतीची वेळ आली आणि चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. मग सगळेच थांबले. आम्ही तबकडी पुसली, दुसऱ्या प्लेअरवर लावली, कॉम्प्युटरवर लावली. दर वेळी तिथेच अडायचे. खाला एवढेच म्हणाली, 'बेटा, नेमके तेवढेच गेले का रे?'

नेमके तेवढेच जाण्याचे कारण आहे आणि ते समजून घेतले की पुढचे बरेच काही सोपे होते.

तबकडीच्या पोटात काय असते?

डीव्हीडी ही प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. प्रत्येक चकती ०.६ मिलिमीटरची, दोन्ही मिळून १.२ मिलिमीटर. मधल्या पोटात रंगाचा एक थर आणि चकाकणाऱ्या धातूचा एक थर असतो. रायटरमधला लाल लेझर त्या रंगाच्या थरावर उष्णतेने बारीक खुणा करतो आणि प्लेअरचा लेझर त्या खुणा वाचतो. म्हणून तर या कामाला 'बर्न करणे' म्हणतात. खुणांची रेघ जलेबीसारखी वळत जाते. एका वळशापासून दुसऱ्या वळशापर्यंतचे अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते.

आता महत्त्वाची गोष्ट. ही रेघ आतून सुरू होते आणि बाहेरच्या कडेला संपते. ग्रामोफोनच्या तबकडीच्या अगदी उलट. म्हणजे चित्रीकरणाची सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट कडेला. आपण तबकडी कडेने धरतो, बोटांचे ठसे कडेला उमटतात, वाकली तर ती कडेलाच जास्त वाकते आणि हलक्या प्रतीच्या तबकडीत रंगाचा थरही कडेलाच आधी दगा देतो. आपल्याकडच्या निकाहच्या चित्रीकरणात शेवटी काय असते? रुख्सती. म्हणून आपली डीव्हीडी शेवटच्या भागात अडत असेल, तर आधी कडेकडे पाहावे. स्वच्छ, मऊ, सुती कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा लेझरला ओलांडता येत नाही, आडवा ओरखडा येतो.

खालाची तबकडी पुसूनही चालली नाही. रंगाचा थरच गेला होता. आमचे नशीब असे की फोटोग्राफरकडे निकाहच्या दोन्ही मिनीडीव्ही कॅसेट अजून पडून होत्या. 'दुकानातच करून देतो,' असे तो म्हणालाही. पण दुसऱ्या कॅसेटमध्ये जनानखान्यातले चित्रीकरण होते. घरातल्या बायका-मुलींचे ते चित्रीकरण दुकानाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा चढावे, हे खालाला नको होते. तिचे म्हणणे आम्हालाही पटले. फोटोग्राफरकडून दोन दिवसांसाठी कॅमेरा मागून आणला आणि काम घरीच करायचे ठरवले.

पहिली अडचण : वीस मिनिटांनंतर सारे ठप्प

मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर फायरवायरची केबल लागते. अशा अनेक कॅमेऱ्यांना यूएसबीही असते, पण तिच्यातून बहुतेक वेळा फोटोच येतात किंवा हलक्या प्रतीचे चित्र येते. कॉम्प्युटरला फायरवायरचे भोक नसेल तर तसे कार्ड बसवून घेता येते. आम्ही बसवले. कॅसेट सुरू केली. साधारण वीस मिनिटे झाली आणि रेकॉर्डिंग आपोआप बंद पडले. पुन्हा केले, पुन्हा वीस मिनिटांनी बंद.

दोष कॅसेटचा नव्हता, कॅमेऱ्याचाही नव्हता. एक तासाची मिनीडीव्ही कॅसेट कॉम्प्युटरवर सुमारे १३ जीबी जागा घेते. आमच्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेला होता. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. वीस मिनिटांत ४ जीबी भरतात, म्हणून वीस मिनिटांनी बंद. आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहावे. 'फाइल सिस्टम' समोर फॅट ३२ लिहिले असेल तर आतले सामान दुसरीकडे उतरवून, माहीतगाराच्या मदतीने ते एनटीएफएस करून घ्यावे. आम्ही तसे केले आणि पूर्ण कॅसेट एका दमात उतरली.

पहिली डीव्हीडी : फाइल टाकली, व्हिडिओ झाला नाही

उतरलेली फाइल लहान करून आम्ही उचलली आणि सरळ डीव्हीडीवर टाकली. कॉम्प्युटरवर ती झकास चालली. खालाच्या प्लेअरवर लावली तर पडद्यावर 'डिस्क एरर'.

ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. फाइल टाकली की 'डेटा डीव्हीडी' होते. टीव्हीच्या प्लेअरला 'व्हिडिओ डीव्हीडी' लागते. तिच्यात 'व्हिडिओ टीएस' नावाचे फोल्डर असते, त्यात ठरावीक नावाच्या आणि ठरावीक आकाराच्या फाइली असतात आणि चित्र एमपेग-२ या पद्धतीने बांधलेले असते. हे काम हाताने करायचे नसते, डीव्हीडी बनवण्याचे सॉफ्टवेअर ते करते. नीरोमध्ये 'डीव्हीडी व्हिडिओ' असा वेगळा पर्याय आहे. विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत 'डीव्हीडी मेकर' सोबतच येते. विंडोज एक्सपीची स्वतःची रायटिंगची सोय मात्र फक्त सीडीपुरती आहे, डीव्हीडीसाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावेच लागते.

याच वेळी सॉफ्टवेअर विचारते, पाल की एनटीएससी? भारतात पाल निवडावे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी आधीच निवडलेले असते, कारण ती अमेरिकेची पद्धत आहे. तसेच राहू दिले तर चित्र झटके देत चालते.

नांदुऱ्याच्या विद्यार्थ्याचे उत्तर इथेच देतो. ४.७ जीबी हे कारखान्याचे माप आहे. त्यात एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. कॉम्प्युटर मोजतो तेव्हा तो १०२४ च्या पटीने मोजतो. त्याच्या मापाने तीच तबकडी सुमारे ४.३७ जीबीची भरते. दुकानदाराने फसवलेले नाही, दोघांचे माप वेगळे आहे. आपण नेहमी ४.३ जीबीपर्यंतच भरावे, थोडी जागा मोकळी राहू द्यावी. कडेचा नाजूक भागही त्याने वाचतो. एका साध्या डीव्हीडीवर एक तासाचे चित्रीकरण उत्तम प्रतीत बसते, दोन तासांचे बऱ्या प्रतीत. चार तासांचे बसवू गेले तर चेहरे ओळखू येणार नाहीत. त्यापेक्षा दोन डीव्हीडी कराव्यात.

दुसरी डीव्हीडी : लाइट गेली

भारनियमनाबद्दल आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. चित्र एमपेग-२ मध्ये बांधायला आमच्या जुन्या कॉम्प्युटरला पाच तास लागत होते. दोनदा अर्ध्यात लाइट गेली आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिसऱ्या वेळी बांधणी पूर्ण झाली, सॉफ्टवेअरने लगेच राइट करायला घेतले आणि साठ टक्क्यांवर लाइट गेली. आर प्रकारच्या डीव्हीडीवर एकदा झालेली खूण पुसता येत नाही. ती डीव्हीडी तिथेच संपली.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, बांधणी आणि राइटिंग ही दोन कामे वेगळी करावीत. बांधणी करताना सॉफ्टवेअरला थेट डीव्हीडी न देता, हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये किंवा 'इमेज' फाइलमध्ये साठवायला सांगावे. राइटिंग नंतर, लाइट नक्की असेल अशा वेळी. दोन, लांब चित्रीकरणाचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून एकेक तुकडा बांधावा. लाइट गेली तर एकच तुकडा पुन्हा करावा लागतो, पूर्ण कॅसेट नाही. शेवटी सगळे तुकडे एकाच डीव्हीडीत प्रकरणांसारखे लागतात.

यूपीएस असेल तर राइटिंगपुरता आधार मिळतो. पूर्ण डीव्हीडी ४ एक्स वेगाने साधारण पंधरा मिनिटांत होते, ८ एक्सने आठ-नऊ मिनिटांत. आपला यूपीएस किती वेळ तग धरतो, हे एकदा मुख्य बटण बंद करून, कोणतेही महत्त्वाचे काम चालू नसताना पाहून ठेवावे. बॅटरी जुनी झाली असेल तर तो दोन मिनिटांतही मान टाकतो.

तिसरी आणि चौथी : घाई आणि केबल

फजरनंतर लाइट असण्याची खात्री होती. आम्ही वेग १६ एक्स ठेवला, म्हटले पाच-सहा मिनिटांत मोकळे होऊ. कॉम्प्युटर जणू गुदमरला. माउस अडखळू लागला, रायटरचा आवाज चढायचा, उतरायचा आणि शेवटी 'राइट एरर'. दुसरी तबकडी घातली, तेच झाले. रायटर गेला, नवा आणावा लागणार, असे आम्ही ठरवूनही टाकले होते.

खामगावात हार्डवेअरचे काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, 'चाचा, ड्राइव्ह पीआयओमध्ये आहे का डीएमएमध्ये?' आम्हाला प्रश्नच कळला नाही. त्याने फोनवरच दाखवून दिले. विंडोज एक्सपीमध्ये 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'हार्डवेअर', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. तिथे 'आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स'मध्ये 'सेकंडरी आयडीई चॅनल' उघडून 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' पाहावे. आमच्याकडे 'करंट ट्रान्सफर मोड' समोर पीआयओ लिहिले होते.

म्हणजे काय? डीएमए पद्धतीत माहिती रायटरपर्यंत स्वतःच्या वाटेने जाते. पीआयओमध्ये प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतःच्या हाताने भरवावा लागतो. १६ एक्स वेगाला सेकंदाला सुमारे २२ एमबी माहिती लागते. पीआयओची कागदावरची कमाल सेकंदाला १६ एमबीच्या आसपास आहे, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मिळते. रायटर उपाशी राहतो, राइटिंग अडखळते. विंडोज एक्सपीला त्या वाटेवर पुन्हा पुन्हा चुका दिसल्या की ती आपणहून वेग उतरवत पीआयओवर येते आणि तिथेच राहते. चुका का होतात? कधी ओरखडलेली सीडी वाचताना, कधी ढिल्या केबलमुळे.

उपाय असा. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, रायटरची चपटी केबल दोन्ही टोकांना नीट दाबून बसवावी. मग सुरू करून त्याच 'सेकंडरी आयडीई चॅनल'वर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल' करावे आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. विंडोज ती वाट नव्याने ओळखते आणि डीएमए परत येतो. आमचा आला. नवीन रायटरचे पैसे वाचले. साटा केबलच्या रायटरला हा त्रास सहसा होत नाही.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. वेग ४ एक्स किंवा ८ एक्सच ठेवा. रायटर कडेकडे जाताना सर्वांत जोरात असतो, आणि तबकडी थोडीही वाकडी असली तर तिथेच घसरतो. राइटिंग चालू असताना अँटिव्हायरसची तपासणी, स्क्रीन सेव्हर, इंटरनेट बंद ठेवावे. मुलांना गेमही खेळू देऊ नये.

पाचवी : दार उघडे राहिले

पाचवी डीव्हीडी पूर्ण राइट झाली. कॉम्प्युटरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मलकापूरला घेऊन गेलो. प्लेअर म्हणाला, 'नो डिस्क.'

झाले असे की 'व्हिडिओ टीएस' फोल्डर आम्ही डेटाच्या पर्यायातून टाकले होते आणि 'मल्टिसेशन'ची खूण तशीच राहिली होती. मल्टिसेशन म्हणजे, पुढे आणखी काही टाकता यावे म्हणून डीव्हीडी उघडी ठेवणे. कॉम्प्युटर उघडी डीव्हीडी वाचतो, घरातला प्लेअर वाचत नाही. त्याला बंद केलेली, म्हणजे 'फायनलाइझ' केलेली डीव्हीडीच हवी. चिखलीच्या भावांनी हे आधी तपासावे, निम्मी शक्यता इथेच आहे. विंडोज ७ मध्ये कोरी डीव्हीडी घातली की ती दोन पर्याय देते, पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसरा निवडावा.

उरलेली शक्यता तबकडीच्या जातीची. बाजारात डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर अशा दोन जाती आहेत. वजा-आर १९९७ साली आली, अधिक-आर त्यानंतर पाचेक वर्षांनी दुसऱ्या कंपन्यांनी मिळून आणली. आजचे रायटर दोन्ही राइट करतात, पण जुने प्लेअर बहुधा वजा-आर अधिक खुशीने वाचतात. प्लेअर जुना असेल तर तीच आणावी.

सहावी : शोभेने घात केला

सहावी चालली. खालाच्या घरी सगळे जमले. निकाह झाला, पंगती झाल्या आणि रुख्सतीच्या जरा आधी चित्र पुन्हा अडखळले. त्या क्षणी आम्हाला खालाकडे पाहवले नाही.

कारण आम्हीच होतो. डीव्हीडी सुंदर दिसावी म्हणून आम्ही तिच्यावर कागदाचे गोल स्टिकर छापून चिकटवले होते, आपा-दुल्हेभाईंचे नाव लिहून. कागद थोडा एका बाजूला बसला होता. तबकडी जोरात फिरते तेव्हा तेवढाही असमतोल तिला डगमगवतो, पुन्हा कडेलाच जास्त. उन्हाळ्यात कागद आणि डिंक आक्रसले की तबकडी वाकतेही. डीव्हीडीवर काहीही चिकटवू नये. नाव लिहायचे तर सीडीसाठी मिळणाऱ्या पेनाने, मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक भागात किंवा छापील बाजूवर हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन नको.

सातवी

सातवीच्या वेळी आम्ही काहीच घाई केली नाही. आधी एक पुसता येणारी आरडब्ल्यू डीव्हीडी आणली. तिच्यावर राइट करून खालाच्याच प्लेअरवर चालते का ते पाहिले. हेच आम्ही पहिल्या दिवशी केले असते तर निम्म्या तबकड्या वाचल्या असत्या. आरडब्ल्यू पुन्हा पुन्हा वापरता येते, फक्त फार जुने प्लेअर तिला वाचत नाहीत. मग चांगल्या प्रतीची, डबीतली वजा-आर घेतली, कडेने धरून उजेडात पाहिली, ४ एक्स वेग ठेवला आणि 'व्हेरिफाय'वर खूण केली. व्हेरिफायमध्ये राइट झालेले सगळे पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून पाहिले जाते. वेळ दुप्पट लागतो, पण डीव्हीडी खरी की खोटी हे आपल्याच घरी कळते. फुकट मिळणाऱ्या इमेजबर्नमध्येही ही सोय आहे.

असरनंतर मलकापूरला पोहोचलो. खालाने या वेळी कोणाला बोलावले नव्हते. रुख्सती आली. आपा रडते आहे, खालू गाडीच्या दाराशी उभे आहेत, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, 'बेटा, पहुंचते ही फोन करना. रात कितनी भी हो, मैं जागता रहूंगा.' एवढेच. खाला काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, 'जरा आवाज वाढव आणि मागे घे.' तेवढा तुकडा तिने तीनदा ऐकला. मग मगरिबची अजान झाली आणि ती उठली.

जाताना तिने विचारले, 'ही पण पाच वर्षांनी जाईल का?' प्रश्न रास्त होता. घरी राइट केलेली डीव्हीडी कायमची नसते. रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने मरतो. बुलढाणा, चिखली घाटावर म्हणून तिथे जरा बरे, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदचा उन्हाळा आपण जाणतोच. टिनाच्या छपराखालच्या पेटीत, कपाटाच्या माथ्यावर, टीव्हीच्या वर डीव्हीडी ठेवू नये. डबीत घालून, उभी, खालच्या कप्प्यात, अंधारात ठेवावी. जिनिंगच्या दिवसांत हवेत कापसाचे तंतू उडतात, धूळ तर बारमाही असते. ती रायटरच्या भिंगावर बसते, म्हणून कॉम्प्युटरवर कापड झाकावे, पण कॉम्प्युटर बंद असतानाच.

आणि एकच प्रत कधी ठेवू नये. आम्ही तीन प्रती केल्या, एक खालाकडे, एक आपाकडे, एक आमच्याकडे. मूळ इमेज फाइल हार्ड डिस्कवर ठेवली. कॅसेट फोटोग्राफरकडून रीतसर मागून घेतली. दर दोन वर्षांनी प्रत्येक प्रत एकदा पूर्ण चालवून पाहायची आणि अडखळू लागली तर इमेजवरून नवी करायची, असे ठरले आहे. जनानखान्याच्या चित्रीकरणाची वेगळी डीव्हीडी केली, ती फक्त खालाकडे आहे आणि आमच्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकली आहे. फाइल 'रिसायकल बिन'मधूनही काढावी लागते, हे विसरू नये. आणि कॉम्प्युटर विकताना तेवढ्यानेही भागत नाही, पुसलेल्या फाइली परत काढता येतात. तेव्हा हार्ड डिस्क काढून स्वतःकडेच ठेवावी.

थोडक्यात उत्तरे

मोताळा तालुक्यातील एका शिक्षकांनी रोहिणखेडच्या जुन्या मशिदीचे विद्यार्थ्यांसोबत काढलेले ६ जीबी फोटो एका डीव्हीडीवर कसे बसवावेत, असे विचारले आहे. फोटो लहान करू नका, शिलालेखांची अक्षरे जातील. दोन साध्या डीव्हीडी करा. दोन थरांची ८.५ जीबीची डीव्हीडी मिळते, पण ती महाग असते आणि सगळे प्लेअर-रायटर तिच्याशी जमवून घेत नाहीत. फोटोंसाठी डेटा डीव्हीडीच योग्य.

देऊळगाव राजाच्या एक भगिनी लिहितात की अमेरिकेतल्या भावाला पाठवलेली डीव्हीडी तिथल्या टीव्हीवर चालत नाही. ती पाल पद्धतीची असेल. तिथले प्लेअर बहुधा एनटीएससीच वाचतात. भावाला ती कॉम्प्युटरवर लावायला सांगा, चालेल.

खामगावच्या एका वाचकांना विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीची प्रत काढताना एरर येते. ती एरर नाही, कुलूप आहे. दुसऱ्याच्या मेहनतीचे कुलूप तोडण्याची युक्ती आम्ही सांगणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा विषय बाजूला ठेवला तरी तो हक्क आपला नाही.

लोणारच्या एका मुलाने विचारले आहे की ट्रे उघडतच नाही, आत अम्मीची डीव्हीडी अडकली आहे. कॉम्प्युटर बंद कर. ट्रेच्या पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. पेपरक्लिप सरळ करून त्यात हळूच दाब, ट्रे थोडा बाहेर येईल, मग हाताने ओढ. जोर लावू नकोस.

पुढच्या महिन्यात जुन्या ऑडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्याव्यात ते पाहू, इन्शाअल्लाह. आपल्या घरात कोणाच्या आवाजाची कॅसेट पडून असेल तर ती आत्ताच शोधून ठेवा आणि तोवर टेपरेकॉर्डरवर पुन्हा पुन्हा वाजवू नका. प्रश्न पोस्टकार्डावरही चालतील. आमच्या खालूंसाठी दुआ करावी.